हिंडणाऱ्याचा पत्ता

इंग्रजीत हिंडण्याफिरण्याला शब्द पुष्कळ. स्ट्रोल, सॉन्टर, रॅम्बल, रोम, रोव्ह, मीअँडर, लॉयटर, प्राउल, ट्रॅम्प, ड्रिफ्ट. तालुक्याच्या गावी अकरावीच्या पोरांना मी हे समानार्थी शब्द म्हणून शिकवतो, कारण प्रश्नपत्रिकेत ते तसेच येतात. समानार्थी ते नाहीतच. पाय तेच, रस्ता तोच, चालही जवळपास तीच. पण रात्रीचं जेवण उरकून साहेब बंगल्याबाहेर पडला तर तो स्ट्रोल करतो, आणि त्याच रस्त्यानं मळक्या सदऱ्यातला माणूस थांबत थांबत गेला तर तो लॉयटर करतो. पहिल्याला चौकीदार सलाम ठोकतो, दुसऱ्याला नाव-गाव विचारतो. शब्दकोश सांगतात, फरक गतीचा आणि हेतूचा. माझ्या मते हा फरक पाहणारा ठरवतो, आणि पाहणारा बहुतेक वेळा स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसलेला असतो.

इंग्रजीच्या तासापुरती ही गोष्ट असती तर लिहायचं कारण नव्हतं. पण याच कुळातला व्हॅग्रंट, म्हणजे भटक्या, हा शब्द दीडशे वर्षांपूर्वी कायद्याच्या कलमांतून आपल्याकडे आला आणि अजून तहसीलच्या खिडकीत बसून आहे. दिवाळी झाली, पऱ्हाटीत वेचणी सुरू झाली, की वर्धा-अमरावती-यवतमाळकडच्या गावांच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान, जमिनीवर पालं पडू लागतात. कुणी नाथजोगी, कुणी बेलदार, कुणी गोपाळ, कुणी घिसाडी. त्यांच्यातल्या एखाद्या पोरीनं दहावी पास होऊन जातीच्या दाखल्याचा अर्ज केला की खिडकीतला पहिला प्रश्न असतो, “कोन्या गावचे तुमी?” त्या प्रश्नाला एका गावाचं उत्तर देता आलं पाहिजे, ही अट या देशाच्या नागरिकावर कुणी आणि का घातली, हा माझा विषय आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: ती अट इंग्रजांच्या भटकेपणाच्या व्याख्येतून उतरलेली आहे, तिला आज आधार नाही, आणि ती काढायला फार मोठी क्रांती लागत नाही.

शब्दांची छटा कायमची नसते. आज स्ट्रोल हा अगदी सभ्य शब्द आहे, सकाळी बागेत फिरणाऱ्या निवृत्त माणसाचा. सतराव्या शतकात तो गावोगाव खेळ करत हिंडणाऱ्या नाटक्यांना चिकटलेला होता. त्याआधी १५७२च्या कायद्यानं, ज्यांना कुणा उमरावाचा आश्रय नाही असे नट सरळ भटक्यांच्या यादीत टाकले होते. आणि पकडलेल्या भटक्याला फटके होते, वर तापल्या लोखंडानं उजव्या कानात आरपार भोक. आपली दंडार आणि खडीगंमत घेऊन फिरणारी मंडळी तिथं असती तर अर्धी झाडीपट्टी भोकं पडलेल्या कानांची निघाली असती. ट्रॅम्पचंही तसंच. इंग्लंड-अमेरिकेत ट्रॅम्प म्हणजे फाटका, बिनकामाचा माणूस. न्यूझीलंडमध्ये ट्रॅम्पिंग म्हणजे पाठीवर पिशवी टाकून डोंगरात केलेली हौशी भटकंती. सॉन्टर या शब्दाला तर थोरो या अमेरिकन लेखकानं पवित्र भूमीकडे निघालेल्या यात्रेकरूंपर्यंत नेऊन भिडवलं. भाषाशास्त्रज्ञांना ती व्युत्पत्ती मान्य नाही, पण रोज किमान चार तास रानात फिरल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही असं लिहिणाऱ्या माणसाला आपल्या फिरण्याचं कूळ पवित्र असावंसं वाटलं तर नवल नाही. खात्यापित्या माणसानं एखादा शब्द उचलला की त्याचा मळ जातो. नोमॅडचं आपल्या डोळ्यांदेखत तेच झालं. मूळ ग्रीकमध्ये तो गुरं चारत फिरणाऱ्याचा शब्द. आज लॅपटॉप घेऊन गोव्यात नाहीतर बालीत बसणारा स्वतःला अभिमानानं डिजिटल नोमॅड म्हणवतो आणि त्याच्यासाठी काही देशांनी खास व्हिसा काढलेत. खराखुरा गुरं चारणारा मात्र त्या व्हिसाच्या रांगेत कुठेच नाही.

अमेरिकेत हिंडणाऱ्यांनी स्वतःच आपली वर्गवारी केली होती, ती मला आवडते. होबो तो, जो फिरतो आणि काम करतो. ट्रॅम्प फिरतो पण काम टाळतो. बम फिरतही नाही आणि कामही करत नाही. ओट्यावरून पाहणाऱ्याला तिघेही सारखेच दिसत. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, मेळघाटातले कोरकू हरभऱ्याच्या सोंगणीला खाली वऱ्हाडात उतरतात, संत्र्याच्या बगिच्यांत तोडणीच्या टोळ्या येतात. एका ठिकाणचं काम संपलं आणि दुसरं सुरू व्हायचं आहे, अशा चार दिवसांत ही माणसं बसस्टँडच्या शेडखाली झोपलेली असतात. त्या चार दिवसांत ती कोण? पोलिसांच्या भाषेत, संशयास्पद स्थितीत आढळलेली.

व्हॅगबाँडला कवींनी थोडंफार गोंजारलं, पण व्हॅग्रंट हा शब्द कुठल्याच श्रीमंतानं उचलला नाही. तो कायद्याचाच राहिला. नेपोलियनशी झालेली युद्धं संपली, सुटलेले सैनिक आणि उजाड झालेले मजूर रस्त्यांवर आले, तेव्हा इंग्लंडनं १८२४ साली व्हॅग्रन्सी अ‍ॅक्ट केला. त्यातली कसोटी नीट पाहण्यासारखी आहे: उपजीविकेचं दृश्य साधन नसताना जो कोठारात, ओसाड घरात, उघड्यावर किंवा तंबूत मुक्काम करत हिंडतो, तो गुन्हेगार. चोरी केली म्हणून नाही, कुणाला धमकावलं म्हणून नाही. साधन दिसत नाही म्हणून.

सारा घोळ त्या ‘दृश्य’ या शब्दात आहे. दिसत नाही, कुणाला? मेंढरं दिसतात. भट्टी आणि भाता दिसतो. पण बहुरूप्याचं साधन त्याच्या चेहऱ्यात असतं, जडीबुटीवाल्याचं त्याच्या डोक्यात, आणि दोन कामांच्या मधल्या मजुराचं पुढच्या गावच्या शेतात उभं असतं. ते तिथं जाऊन पाहायचं म्हटलं तर पाहणाऱ्याला ओटा सोडावा लागेल.

हा शब्द हिंदुस्थानात आला तेव्हा त्याचं एक चमत्कारिक विभाजन झालं. १८७४ साली सरकारनं युरोपियन व्हॅग्रन्सी अ‍ॅक्ट केला. रेल्वेचं काम संपलेले, जहाजावरून उतरवलेले, नोकरी गेलेले गोरे लोक भीक मागत फिरताना दिसले की राज्यकर्त्यांच्या अब्रूचा प्रश्न होई. या कायद्यानं अशा गोऱ्याला वर्कहाउसमध्ये ठेवायचं, काम शोधून द्यायचं, नाहीच जमलं तर मायदेशी पाठवायचं, अशी सोय केली. त्याच्या तीनच वर्षं आधी, १८७१ला, एतद्देशीय हिंडणाऱ्यांसाठी क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट झाला होता. गोरा माणूस व्हॅग्रंट ठरे तो त्याच्या आजच्या परिस्थितीमुळे. ती सुधारली की शिक्का पुसला जाई. आपल्याकडचा पारधी किंवा कैकाडी गुन्हेगार ठरे तो जन्मामुळे. त्याची जमातच्या जमात नोंदवायची, त्यानं ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवाना घेतल्याशिवाय हद्द सोडायची नाही. सुरुवातीला हा कायदा उत्तरेपुरता होता, १९११च्या सुधारणेनं तो सगळ्या ब्रिटिश मुलखात लावता येऊ लागला आणि बोटांचे ठसेही आले. एकाच सरकारनं चार वर्षांच्या आत एकाच कृतीला दोन वेगळी नावं दिली आणि दोन वेगळी नशिबं.

बंजाऱ्यांची गोष्ट या मुलखाला जास्त जवळची. १८०३च्या नोव्हेंबरात अडगावला आणि डिसेंबरात गाविलगडावर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं भोसले-शिंद्यांच्या फौजा मोडल्या, तेव्हा त्याच्या सैन्याच्या दाण्याची मदार बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. इंग्रजी कागदांत तेव्हा त्यांचं नाव ब्रिंजारी असं येतं, आणि ते गरजेच्या माणसाचं नाव आहे. १८६७ला रेल्वे नागपूरला पोचली. मीठ-धान्य डब्यांतून जाऊ लागलं आणि तांड्याच्या बैलांना भार उरला नाही. पुढच्या कागदांत तीच माणसं, तोच तांडा, तेच हिंडणं, पण आता संशयाच्या रकान्यात. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा आहेत ते त्या शिक्क्यामुळे. हिंडणं बदललं नव्हतं. त्याचा उपयोग संपला होता.

३१ ऑगस्ट १९५२ला क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट देशभर रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण १९५९ साली, विदर्भ तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात होता, दोन कायदे झाले. एक सराईत गुन्हेगारांविषयीचा आणि दुसरा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा. दुसऱ्यातली भिकेची व्याख्या वाचली की १८२४चा मजकूर समोर उभा राहतो. उपजीविकेचं दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी अशा अवस्थेत हिंडणं किंवा थांबणं, की ज्यावरून हा भिकेवर जगत असावा असं वाटेल, तीही भीकच. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं किंवा काही वस्तू विकायला दाखवणं, या मिषानं काही मागितलं तरी भीक. म्हणजे वासुदेव आला, गोंधळी आला, बहुरूपी आला, डोंबारी आला, पिंगळा आला. वॉरंटशिवाय अटक, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृह, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ साली या कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आपल्याकडे, जिथं तो जन्मला, तिथं तो पुस्तकात आहे.

या व्याख्येत पहिला सापडला असता तो शेंडगावचा डेबूजी जाणोरकर. १९०५ला घर सोडलं, अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं, हातात खराटा, आज या गावी तर उद्या त्या गावी, आणि भाकरी मागून खाणं. दृश्य साधन शून्य. पन्नास वर्षं हा माणूस हिंडत राहिला, त्या हिंडण्यातून पंढरपूर-नाशिक-आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि २० डिसेंबर १९५६ला वलगावजवळ, वाटेतच, गेला. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्याचं नाव आहे. गाडगेबाबांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी ज्या राज्यानं हा कायदा केला, त्या राज्याला आपण नेमकं काय लिहीत आहोत याचं भान होतं का, असं मला कधीकधी विचारावंसं वाटतं. त्याच्याही सातशे वर्षं आधी रिद्धपूरच्या परिसरात चक्रधरस्वामी शिष्यांना एका जागी रुतू नका असं सांगत होते. महानुभावांच्या आचारात अटन हा धर्म आहे आणि भिक्षाही. म्हणजे मराठी गद्याची सुरुवात ज्या माणसांनी केली, त्यांचा पत्ता विचारला असता तर झाडाखाली, असंच उत्तर मिळालं असतं.

कुणी म्हणेल, जुन्या कायद्यांतले शब्द आहेत, प्रत्यक्षात कोण पाहतं. ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल दिला. त्यात पश्चिम बंगालच्या तुरुंग नियमावलीतला एक नियम होता: रात्रीच्या पहाऱ्यासाठी कैद्यांतून माणूस निवडायचा, पण पळून जाण्याची उपजत ओढ असलेल्या वर्गातला नको, उदाहरणार्थ भटक्या जमातींचे लोक. एकविसाव्या शतकाची चोवीस वर्षं गेल्यावर हे वाक्य एका चालू नियमपुस्तकात सापडलं. शब्द आपोआप मरत नाहीत. कुणीतरी ते काढावे लागतात.

आता खिडकीकडे परत येऊ, कारण सर्वांत जास्त माणसं तिथं अडतात. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी मानीव दिनांक आहे २१ नोव्हेंबर १९६१. अर्जदाराचा बाप-आजा त्या तारखेला किंवा त्याआधी महाराष्ट्रात राहत होता, याचा पुरावा द्यायचा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली नोंद, कोतवाल पंजीतली जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचा कागद, काहीही चालेल. शाळेत न गेलेल्या, जमीन नसलेल्या, ज्याचं पोर वाटेवर पालात जन्मलं आणि ज्याचा बाप वाटेवर मेला, त्या माणसाकडे यातलं काय असणार? ज्याला आपण भटका म्हणून सवलत देतो, त्यानं आधी सिद्ध करायचं की तो एका जागी होता. सरकारला आपली ही अट विसंगत वाटत नाही, याचं कारण सरकारच्या डोक्यात हिंडणं ही अजून अवस्था आहे, राहण्याची रीत नाही.

आणि कैकाड्यांचं उदाहरण तर कुणी मुद्दाम रचलं असतं तरी पटलं नसतं. अकोला, अमरावती, भंडारा, बुलढाणा, नागपूर, वर्धा, यवतमाळ आणि राजुरा तालुका सोडून चंद्रपूर, एवढ्या मुलखातला कैकाडी अनुसूचित जातीत मोडतो. उरलेल्या महाराष्ट्रात तोच कैकाडी विमुक्त जातीत. बुलढाणा जिल्ह्यातला कैकाडी आणि हद्दीपलीकडे जालन्यात राहणारा त्याचा सोयरा, दोघांचे प्रवर्ग वेगळे. राजुरा निजामाकडे होता आणि बाकीचं मध्य प्रांत-वऱ्हाडात, त्या जुन्या रेघा अजून चालू आहेत. टोपल्या-कणग्या विणत गावोगाव फिरणाऱ्या माणसाची जात जिल्ह्याच्या नकाशावर ठरवायची कल्पना, फिरण्याची सवय असलेल्या कुठल्याही माणसाला सुचली नसती.

जानेवारी २०२२मध्ये अमरावती जिल्ह्यात कच्छकडून चालत आलेले ५८ उंट पोलिसांनी अडवले. तक्रार अशी होती, की ते हैदराबादला कत्तलीसाठी चालले आहेत. सोबतचे रबारी पशुपालक सांगत होते की विदर्भातच मुक्कामी असलेल्या आमच्या लोकांकडे हे उंट नेतोय. आपल्या भागात काठेवाडी गाई आणि त्यांच्यासोबतचे उंट कितीतरी वर्षांपासून दिसतात. शेतकरी पऱ्हाटी निघाल्यावर त्यांना शेतात बसवतात, खतासाठी. पण इतक्या लांबून कुणी आपली जनावरं चालवत आणतं, एवढंच तक्रार करणाऱ्यांना संशयाला पुरलं. न्यायालयातून उंट परत मिळाले, तोवर ते गोरक्षणात बांधलेले होते. उंटाला बांधून ठेवणं हा त्याच्यावर दया करण्याचा मार्ग आहे, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी वाद घालणं अवघड असतं.

या सगळ्याचं खापर इंग्रजांवर फोडून मोकळं होता येत नाही. आपल्या गावगाड्यानं फिरस्त्याला कधीच पूर्ण आत घेतलं नव्हतं. त्याचा दिवस ठरलेला, वाटा ठरलेला, मुक्कामाची जागा ठरलेली, ती गावकुसाबाहेर. पण ठरलेलं तरी होतं. अमक्या महिन्यात घिसाडी येणार, वखराच्या पासा आणि विळे तेव्हा करून घ्यायचे, हे गावाला माहीत असे. आता पास तालुक्याच्या दुकानातून येते आणि घिसाड्याचं येणं कुणाच्या हिशेबात राहिलेलं नाही. ओळख गेली की मोबाइलवरची अफवा तिची जागा घेते. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, भिक्षेला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. तो जमाव इंग्रजी शिकलेला नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हिंडण्याचं इतकं कौतुक कशाला, त्या लोकांनाच विचारा, असं म्हणणारे कार्यकर्ते मला भेटतात, आणि त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. बेड्यावरची, पालावरची बहुतेक आईबापं पोरांना हे आयुष्य नको म्हणतात. त्यांना घर हवं, शाळा हवी, पावसात कोरडी राहणारी जागा हवी. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर आहे, ते मागणाऱ्या प्रत्येकाला मिळायला हवं, आणि मिळण्याचा वेग लाजिरवाणा आहे. पण तिथंही पुन्हा दाखला लागतोच. स्थिर व्हायचं असेल तरी आधी स्थिर असल्याचा कागद दाखवा. आणि ज्याची मेंढरं, गाई, उंट हेच भांडवल आहे, त्याला पाच गुंठ्यांत बसवून आपण त्याचं काय भलं करतो? घर हा हक्क असावा आणि हिंडणं हीही मुभा असावी. एकाची किंमत म्हणून दुसरं मागू नये.

इंग्लंडात यावर भांडण झालं, ते आपल्या कामाचं आहे. २४ एप्रिल १९३२ला मँचेस्टरकडचे गिरणी-कारखान्यांतले तरुण किंडर स्काउट या डोंगरपठारावर, जमीनदारांची मनाई मोडून, चालत चढले. काहींना तुरुंगवास झाला. २०००च्या कायद्यानं इंग्लंड-वेल्समध्ये माळ आणि डोंगरांवर पायी फिरण्याचा हक्क लिहून मिळाला; तिथले लोक त्याला राइट टू रोम म्हणतात. मग २०२२ साली त्यांच्या संसदेनं एक भलामोठा पोलीस कायदा केला. त्यात १८२४चा व्हॅग्रन्सी अ‍ॅक्ट रद्द करण्याची तरतूद आहे. आणि त्याच कायद्यात, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर गाडी लावून मुक्काम करण्याचा नवा गुन्हाही आहे, ज्याचा रोख जिप्सी आणि ट्रॅव्हलर लोकांवर आहे हे तिथं कुणी फारसं लपवलं नाही. सुट्टीत चालणाऱ्याला हक्क मिळाला. बारमाही चालणाऱ्याचा गुन्हा फक्त एका कलमातून दुसऱ्यात गेला.

आपण यापेक्षा बरं करू शकतो, आणि त्याची सोय आपल्याच कायद्यांत विखुरलेली आहे. २००६च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांच्या कलमात, भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी वापर आणि फिरती चराई यांचा स्पष्ट उल्लेख आहे. गडचिरोलीत मेंढा लेखासारख्या गावांनी सामूहिक हक्क मिळवून दाखवले. पण दावा ग्रामसभेनं करायचा आणि ग्रामसभा गावात राहणाऱ्यांची, त्यामुळे वर्षातून दीड महिना येणाऱ्या धनगराचं नाव त्या कागदावर येतच नाही. पूर्व विदर्भातल्या निस्तार पत्रकांत, म्हणजे गावाच्या सामायिक हक्कांच्या नोंदींत, गावकऱ्यांची चराई आहे, सरपण आहे. वाटसरूचा मुक्काम नाही. ई-क्लासवर अतिक्रमण करून बसलेल्या संस्था आणि गोठे यांना नियमित करायला सरकार तयार असतं, पण पंधरा दिवसांच्या पालाला सरपंच हाकलू शकतो. प्रत्येक मोठ्या गावात दोन एकर ई-क्लास मुक्कामासाठी राखून तिथं एक हातपंप बसवायचा, एवढं जिल्हा परिषदेला जड नाही.

आणि दाखला. रेशनचं पाहा. एक देश एक रेशनकार्डमुळे कार्ड कुठलंही असो, अंगठा लावला की धान्य कुठेही उचलता येतं. म्हणजे माणूस हलतो हे अन्नपुरवठा खात्याला पटलेलं आहे. निवडणूक आयोग तर त्याही पुढे गेलाय. बेघर माणसाला मतदार व्हायचं असेल तर पत्त्याचा कागद मागत नाहीत. अर्जात सांगितलेल्या जागी तो खरंच झोपतो का, हे पाहायला बूथ पातळीवरचा अधिकारी रात्री तिथं जातो. पुलाखाली झोपणाऱ्याला देशाचं सरकार निवडता येतं, पण पालातल्या पोरीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येत नाही.

जात पडताळणी समित्यांना दक्षता पथकं आहेत, ती गृहचौकशीला गावागावांत जातातच. १९६१चा कागद नसेल तिथं समाजाची बोली, देवदैवत, लग्नविधी, नातेसंबंध यांची चौकशी आणि पाच गावांच्या पंचांची साक्ष पुरावा म्हणून ग्राह्य धरायची, असा शासन निर्णय काढायला विधिमंडळाचीही गरज पडू नये. पथकाची गाडी चावडीवर न थांबता अर्धा किलोमीटर पुढे पालांपर्यंत जावी, आणि अर्जाच्या नमुन्यात ‘कायमचा पत्ता’ या रकान्याखाली आणखी एक रकाना वाढवावा: वर्षातले मुक्काम, महिन्यांसकट. घिसाड्याला ते तोंडपाठ असतात.